मी बाथरूममध्ये पडले नाही

त्या महिन्यात आमच्या घरी जो कोणी यायचा, तो आधी माझ्या प्लास्टरकडे बघायचा आणि मग बाथरूम बघायला जायचा. आत जाऊन पायाने फरशी घासून बघायची, नळ उगाच सोडून बंद करायचा आणि बाहेर येऊन मान हलवायची. "टाइल्स फारच गुळगुळीत आहेत हो तुमच्या." समोरच्या वहिनींनी रबराची चटई आणून दिली. नणंदेने ठाण्याहून दुसरी पाठवली, तिच्यावर पिवळी बदकं होती. लेकाने पुण्यात बसून भिंतीला लावायचे स्टीलचे दांडे मागवले. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तर त्यांची वापरलेली चटई धुऊन आणली. त्या सगळ्या चटया एकमेकींवर चढून अशा बसल्या होत्या, की पडायचं नसलेल्या माणसानेसुद्धा तिथे पडावं.

आणि मी बाथरूममध्ये पडलेच नव्हते. मला गाडीने उडवलं होतं. भर सकाळी, उरण नाक्याच्या रस्त्यावर, हातात बोंबलांची पिशवी असताना.

मी पनवेलमध्ये आयुष्यभर शाळेत शिकवलं. रस्ता कसा ओलांडायचा हे मी हजारो मुलांना सांगितलं असेल, त्यामुळे मी तो नीटच ओलांडत होते. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं. ही पांढरी गाडी मात्र उलट्या बाजूने आली, आणि उलट्या बाजूने येणाऱ्या गाडीसाठी कुठे बघायचं हे त्या धड्यात नव्हतं. मी उडाले. पिशवी माझ्याहून उंच उडाली. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, काच खाली झाली, आतून एका तरुण माणसाने मागे वळून माझ्याकडे नीट पाहिलं. आत कसलं तरी गाणं चालू होतं. मला वाटलं, आता उतरेल. त्याने काच वर केली आणि तो निघून गेला. मागच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आईचा आशीर्वाद'. नंबर मी पाहिला नाही. पायात कळ आली असताना माणूस मोठी अक्षरं आधी वाचतो.

त्याने धडक दिली त्यापेक्षा त्याने पाहिलं आणि मग काच वर केली, याचा मला जास्त राग आला. अजूनही येतो.

लोकांनी मला रिक्षात घातलं. रिक्षावाल्याने माझ्याच फोनवरून घरी कळवलं, आणि आमचे हे आमच्याआधी हॉस्पिटलच्या दारात येऊन उभे राहिले. आमचे हे म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं, आणि आयुष्याचं सूत्र एकच, 'भानगड नको'. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा ठराव मंजूर की नामंजूर असं विचारलं, तर हे पाणी प्यायला उठतात. मला स्ट्रेचरवर घेतलं, कोणीतरी इंजेक्शन दिलं, आणि त्या गुंगीत मी ऐकलं, की डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" आणि हे म्हणाले, "बाथरूममध्ये पडली."

माझ्या केसांत रस्त्याची माती होती. कोपरात खडी रुतली होती. पदराला, स्ट्रेचरला आणि डॉक्टरांच्या हातमोज्यांना बोंबलांचा वास येत होता. डॉक्टर तरुण होते, रात्रभर जागे असावेत. त्यांनी लिहून घेतलं, बाथरूममध्ये पडल्या.

जाग आल्यावर मी नर्सला सांगितलं, "मला गाडीने उडवलं." ती म्हणाली, "हो हो आजी, झोपा आता." मी पुन्हा सांगितलं. तिने माझं पांघरूण नीट केलं.

यांना मी त्याच दिवशी धारेवर धरलं. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगं, पोलीस केस झाली असती. तुला माहीत नाही ते काय असतं. जाऊ दे ना. पाय बरा होणार आहे." मी म्हटलं, "अहो, पण मी पडले नाही!" हे म्हणाले, "पडलीसच की. कशाने ते सोडून दे." अशा माणसाशी वाद काय घालणार?

बरं, खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा खोटं बोलला, की तो ते फार इमानाने सांभाळतो. यांनी हॉस्पिटलात जे सांगितलं तेच लेकाला सांगितलं, तेच नणंदेला, तेच सोसायटीच्या वॉचमनला. न विचारता सांगितलं. जिन्यात कोणी भेटलं तर हे आपणहून म्हणायचे, "बाथरूममध्ये पडली हो." आणि मी घरात वॉकरला धरून ओरडायचे, "गाडीने उडवलं!" यामुळे लोकांना एकच गोष्ट कळली. काकूंच्या डोक्यालाही मार लागलाय.

लेक पुण्याहून आला. माझ्याशी तो अशा हळू आवाजात बोलायला लागला, जसा मी पूर्वी बालवर्गातल्या रडणाऱ्या मुलांशी बोलायचे. "आई, तुला तसं वाटत असेल. पण बाबा तिथे होते ना?" मी म्हटलं, "बाबा तिथे नव्हते. बाबा हॉस्पिटलच्या दारात होते." तो म्हणाला, "बरं बरं." मग सूनबाईने फोनवर विचारलं, मेंदूचा एखादा फोटो काढून घ्यायचा का. काढला. मेंदू उत्तम निघाला, पण त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

आणि शेवटी लेकाने मुद्द्याला हात घातला. आता आम्ही दोघांनी पनवेलमध्ये एकटं राहायचं नाही. फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि पुण्याला यायचं. तिथे लिफ्ट आहे, ज्येष्ठांसाठी बाग आहे, बागेत बाकं आहेत. "आई, जिला घरातल्या घरात तोल सावरत नाही, तिला मी रस्त्यावर एकटीला कसं सोडू?"

तेव्हा मला कळलं, की यांच्या त्या एका वाक्याने माझं काय काय नेलं होतं. गाडीने उडवलेली बाई म्हणजे अपघात. तो पंचविशीतल्या पोरीलाही होतो. बाथरूममध्ये पडलेली बाई म्हणजे म्हातारपण. तिच्या हातून बाजाराची पिशवी जाते, किल्ली जाते, मग एक दिवस गावही जातं. मला माझं पनवेल सोडायचं नव्हतं. मला बाकावर बसायचं नव्हतं, मला बाजारात जाऊन घासाघीस करायची होती. त्यासाठी मी पडले नाही, मला पाडलं, हे कोणीतरी सरकारी शिक्क्यासह लिहून द्यायला हवं होतं.

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आता इथेच वकिली करते. तिचं माहेर आणि सासर दोन्ही पनवेलच्या मोहल्ल्यातलं, नवरा कुवेतला, आणि वर्गात असल्यापासून तिला प्रश्न विचारायची खोड. संध्याकाळी ती नानकटाई घेऊन आली. घरात पाऊल टाकून बाथरूमकडे न गेलेली ती पहिली पाहुणी. ती थेट माझ्याजवळ बसली आणि माझा हात उलटा करून बघायला लागली.

"या अल्ला, बाई, कोपराला हे काय?"

"खडी रुतली होती. डॉक्टरांनी चिमट्याने काढली."

तिने यांच्याकडे वळून फार नम्रपणे विचारलं, "काका, तुमच्या बाथरूममध्ये डांबर आहे?"

आमचे हे पाणी प्यायला उठले.

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी वहीशिवाय बसलेल्या विद्यार्थ्यासारखी ऐकत राहिले. गाडी सापडली, तर चालवणाऱ्यावर गुन्हा, आणि गाडीचा मालक नि विमा कंपनी यांच्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा. गाडी सापडलीच नाही, तरी हात हलवत घरी यायचं नाही. धडक देऊन पळालेल्या अज्ञात गाडीसाठी सरकारची वेगळी योजना आहे. पोलिसांचे कागद जोडून महसूल खात्याच्या साहेबांकडे अर्ज करायचा, हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत धरतात आणि ठरलेली रक्कम मिळते. "पण दोन्हीकडे आधी पोलिसांत फिर्याद लागते, बाई. उशीर झाला तर का झाला ते सांगायचं. सांगता येतं."

"आणि आत्ता जे कागदावर आहे, त्यावर काय मिळतं?"

"बाथरूमवर दावा लावता येत नाही," ती म्हणाली.

दोन गोष्टी लागणार होत्या. एक, रस्त्यावर बघितलेला साक्षीदार. दुसरी, हॉस्पिटलात चुकीचं सांगणाऱ्या माणसाचा खरा जबाब. दुसरी गोष्ट ऐकून स्वयंपाकघरात पेला पडल्याचा आवाज आला.

साक्षीदार मला माहीत होती. जिच्याकडून मी बोंबील घेतले ती कोळीण. ती रोज सकाळी त्याच जागी बसते आणि तिचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो. दुसऱ्या दिवशी वकीलबाई मला रिक्षात घालून तिच्यासमोर घेऊन गेली. मी रिक्षातूनच पाय बाहेर काढून बसले. मला बघून ती टोपलीमागून उठलीच.

"बाय! जित्ती हाय तू! मना वाटला गेलीस."

वकीलबाईने विचारलं, "मावशी, तुम्ही गाडी पाहिली? रंग, नंबर काही?"

"नंबर-बिंबर मना नाय म्हायती. गारी पांढरी व्हती का काली व्हती तं बी नाय म्हायती."

वकीलबाईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "मग काय पाहिलंस?"

"बोंबील बगले ना!" ती कळवळून म्हणाली. "कवरे ताजे बोंबील व्हते, बाय! तू दोन पावला गेलीस, नी गारीनं धरकिवला. तू एकीकरं, पिशवी एकीकरं. सगले बोंबील रस्त्याव. त्यावरशी दुसरी रिक्षा गेली. माजा जीव तुटला. आमी म्हनला, बाईला उचला, आनी बोंबील बी उचला, पन कोन आयकतंय."

"हे पोलिसांना सांगाल?"

"सांगन की. माज्या मालाचा नास केलाय त्यानी."

माल तिने मला विकून टाकला होता, म्हणजे नास माझा झाला होता, पण मी गप्प बसले. वकीलबाई हसू दाबत म्हणाली, "बाई, उत्तम गवाह आहे. बोंबील घेऊन बाथरूममध्ये कोणी जात नाही."

राहिला प्रश्न यांचा. वकीलबाईने त्यांना सांगितलं, की बाईंना चालता येत नाही, तर पोलीसच घरी येऊन जबाब घेतील. हे ताडकन उभे राहिले. "पोलीस? घरी? गाडी घेऊन? सोसायटीत?" वॉचमन, समोरच्या वहिनी, आजोबा, सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले असावेत. "नको नको. आपणच जाऊ." ज्या माणसाने आयुष्यात पोलीस स्टेशनची पायरी चढली नव्हती, तो स्वतः रिक्षा बोलवायला खाली गेला.

तिथे बाकावर मी, शेजारी टोपली मांडीवर घेऊन कोळीण, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून आमचे हे. समोरचा हवालदार जवळच्या ओवे गावचा, मिशा भारी आणि बोलणं मऊ. त्याने माझं ऐकून घेतलं. 'आईचा आशीर्वाद' ऐकल्यावर त्याने पेन खाली ठेवलं.

"मावशी, आशीर्वादवाल्या गाड्या उभ्या करायच्या म्हटल्या तर जागा पुरायची नाय. माज्याच गाडीवर हाय."

"तुम्ही होतात का त्या सकाळी?"

"मी ड्युटीवर व्हतो," तो घाईने म्हणाला, आणि मग हसला. कोळणीने बोंबलांचा किस्सा सांगितला. तिथल्या दोघा शिपायांनी कामं थांबवून तो ऐकला आणि बोंबलांबद्दल खरंच हळहळ व्यक्त केली. माझ्या पायाबद्दल अजून कोणी एवढं हळहळलं नव्हतं.

मग हवालदाराने यांना पुढे बोलावलं.

"काका, दवाखान्यात तुमी बाथरूम का सांगितलंत?"

मी ओठ आवळून बसले होते. यांनी उत्तर दिलं नाही, तर मी देणार होते, आणि ते उत्तर तयार होतं. 'भानगड नको म्हणून. भित्रे आहेत म्हणून.' हे पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"माझा मोठा भाऊ," हे म्हणाले. "पेणच्या रस्त्यावर ट्रकने उडवला होता. मी सोबत होतो. कॉलेजात होतो तेव्हा. दवाखान्यात नेला, मी सांगितलं ट्रकने उडवलं. ते म्हणाले पोलीस केस आहे, पोलीस येईपर्यंत हात लावता येत नाही. पोलीस आले, तोवर..." यांनी टोपण घट्ट दाबून लावलं. "मी खरं सांगितलं म्हणून त्यांनी हात लावला नाही. मग हिला आणलं तेव्हा मी म्हटलं, आधी हात लावू देत."

त्या दिराचा फोटो आमच्या देवघराशेजारी आहे. अपघातात गेले, इतकंच मला माहीत होतं. दरवर्षी त्या दिवशी हे जेवत नाहीत, तेही माहीत होतं. हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून, यांच्या प्रत्येक भित्रेपणावर टोमणे मारून, मी एकदाही विचारलं नव्हतं की एवढी भीती आली कुठून. माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला, कारण राग करायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

कोळीण पदराने डोळे पुसत होती. हवालदाराने यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाला, "काका, आता तसा नाय राहिला. आता आदी उपचार, मग पोलीस. कायदाच हाय. डॉक्टर नाय म्हनू शकत नाय. आनी जखमीला आननाऱ्यालाबी आमी बसवून ठेवू शकत नाय."

"मला कोणी सांगितलंच नाही," हे म्हणाले.

मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं होतं, यांना नाही.

हवालदाराने फिर्याद लिहून वाचून दाखवली. अज्ञात वाहनचालकाने भरधाव, विरुद्ध दिशेने येऊन फिर्यादीस धडक दिली आणि मदत न करता पळून गेला. मी ती दोनदा वाचून घेतली. त्यातलं शुद्धलेखन मला पाहवत नव्हतं, तरी मी पेन मागितलं नाही, मुकाट्याने सही केली.

तो आशीर्वादवाला अजून सापडलेला नाही. अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे, वकीलबाई अधूनमधून जाऊन त्याला धक्का देते. जे मिळेल ते मिळेल.

पण त्या दिवशी रिक्षा आमच्या गेटापाशी थांबली, आणि वॉचमन धावत आला. मला उतरवताना त्याने नेहमीसारखं विचारलं, "काकू, आता बरंय का? बाथरूममध्ये जपून जात जा."

मी तोंड उघडणार होते. त्याआधी हे बोलले. आयुष्यात कधी इतक्या मोठ्याने बोलले नसतील. समोरच्या वहिनी गॅलरीत आल्या, आजोबांनी खिडकी उघडली.

"बाथरूममध्ये पडली नाही ती," हे म्हणाले. "रस्त्यावर गाडीने उडवलं तिला. मी खोटं सांगितलं होतं. तिची काही चूक नव्हती."

मग फोन काढून यांनी तेच लेकाला सांगितलं, तिथेच, गेटात उभं राहून. पलीकडून लेक काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही, पुण्याला येत नाही आम्ही. तुझी आई उद्या माझ्याबरोबर बाजारात येणार आहे. बोंबील राहिलेत तिचे."